काउबॉयचा पोशाख आणि बाजाराची वही : अमेरिकेतील कंट्री व पॉप संगीताच्या संकराचा इतिहास

लोकसंगीताचा इतिहास लिहिताना प्रारंभी एक शुद्ध रूप कल्पावयाचे, मध्यंतरी बाजाराने त्यात भेसळ केली असे म्हणावयाचे, आणि अखेरीस त्या शुद्ध रूपाच्या ऱ्हासाबद्दल हळहळ व्यक्त करावयाची, ही मांडणी इतकी रूढ झाली आहे की तिच्यापाशी सहसा कोणी पुरावा मागत नाही. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील 'कंट्री' संगीताच्या बाबतीत तर ती पदोपदी आढळते. दक्षिणेतील डोंगराळ मुलखातल्या गोऱ्या शेतकऱ्यांचे गाणे हा एक निर्मळ उगम. पश्चिमेच्या कुरणांतील काउबॉयचे गाणे हा दुसरा. पुढे नभोवाणी, बोलपट व ध्वनिमुद्रिका यांच्या योगे त्यांत शहरी पॉप संगीताचे पाणी मिसळले, असे हे कथानक आहे. प्रस्तुत लेखात ह्या कथानकाची तपासणी करावयाची आहे. आमच्या मते ह्या संगीताचा आरंभच संकरातून झालेला आहे. आणि ज्यास आज शुद्ध कंट्री म्हणतात त्याच्या सीमा बहुतांशी ध्वनिमुद्रण कंपन्यांच्या सूचिपत्रांनी व एका व्यापारी साप्ताहिकाच्या क्रमवारीने आखलेल्या आहेत. त्या आखताना सुरांपेक्षा गिऱ्हाइकाच्या कातडीचा रंग अधिक पाहिला गेला. काउबॉयची टोपी, उंच बूट आणि झालरीचा सदरा यांनी ह्या व्यवहारात कोणते काम केले, हे पाहणे हा आमचा मुख्य हेतू होय.

प्रथम खऱ्या काउबॉयविषयी. टेक्सासमधून गुरांचे कळप उत्तरेस कॅन्ससच्या रेल्वेस्थानकांपर्यंत हाकीत नेण्याचा धंदा यादवी युद्ध संपल्यावर, १८६६ च्या सुमारास जोरात आला आणि वीस-बावीस वर्षांत आटोपला. जोसेफ ग्लिडनने १८७४ मध्ये काटेरी तारेचे पेटंट घेतले. मोकळ्या कुरणांस कुंपणे पडू लागली. रेल्वे दक्षिणेत पोहोचली. आणि १८८६-८७ च्या भीषण हिवाळ्यात उत्तरेच्या कुरणांत लक्षावधी गुरे मरण पावली. ह्या अल्पायुषी धंद्यातील काउबॉय हा पगारी मजूर होता. त्याचे कसब त्याने मेक्सिकन गुराख्याकडून, म्हणजे 'वाकेरो'कडून घेतले; लॅसो, लॅरिअट, रोडिओ, चॅप्स हे त्याच्या रोजच्या वापरातील शब्द स्पॅनिशमधून आलेले आहेत, आणि 'बकरू' हा तर 'वाकेरो' ह्या शब्दाचाच इंग्रजी जिभेवर झालेला अपभ्रंश. ह्या मजुरांत कृष्णवर्णीयांची संख्या मोठी होती. नेमक्या प्रमाणाबद्दल इतिहासकारांत मतभेद आहेत. तथापि चारांत एक हा अंदाज पुष्कळांनी स्वीकारलेला दिसतो.

ह्या लोकांची गाणी पुस्तकात आली ती धंदा बुडाल्यावर वीस वर्षांनी. जॅक थॉर्पचा लहानसा संग्रह १९०८ मध्ये न्यू मेक्सिकोत छापला गेला आणि जॉन लोमॅक्सचा मोठा संग्रह १९१० मध्ये प्रसिद्ध झाला. त्या दुसऱ्या संग्रहास थिओडोर रूझवेल्ट ह्या माजी राष्ट्राध्यक्षाचे पत्र जोडलेले होते, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. काउबॉयचे गाणे हा राष्ट्राचा ठेवा होय, असा शिक्का त्याच्यावर प्रथमपासूनच बसला. दक्षिणेतील गरीब शेतकऱ्याच्या गाण्यास असे भाग्य लाभले नाही.

लोमॅक्सच्या संग्रहातील सर्वांत प्रसिद्ध गीत 'होम ऑन द रेंज' हे होय. त्याची कुळकथा ह्या विषयाच्या विद्यार्थ्याने मुळातून पाहावी अशी आहे. लोमॅक्सने स्वतः सांगितल्याप्रमाणे त्याने हे गीत सॅन अँटोनिओ येथे दारूचा गुत्ता चालविणाऱ्या एका कृष्णवर्णीय गृहस्थाकडून मिळविले. हा गृहस्थ पूर्वी कळपाबरोबर स्वयंपाकी म्हणून हिंडलेला होता. पुढे १९३० नंतर नभोवाणीवर हे गीत इतके गाजू लागले की ॲरिझोनातील एका दांपत्याने ते आपले असल्याचा दावा १९३४ मध्ये लावला. तेव्हा प्रतिपक्षाने सॅम्युएल मोनफेल्ट नावाच्या वकिलास शोधासाठी पश्चिमेत धाडले. त्याच्या तपासातून असे निष्पन्न झाले की गीताचे शब्द कॅन्ससमधील डॉ. ब्रूस्टर हिग्ली ह्या वैद्याने १८७० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत रचले होते आणि ते स्थानिक वृत्तपत्रात छापूनही आले होते. म्हणजे ज्यास आपण 'अनाम काउबॉयांचे लोकगीत' समजतो ते वैद्याने रचले, वृत्तपत्राने छापले, कृष्णवर्णीय स्वयंपाक्याने जतन केले, सुशिक्षित संग्राहकाने लिहून घेतले आणि नभोवाणीने देशभर पोहोचविले. ह्यांतील कोणती पायरी शुद्ध आणि कोणत्या पायरीवर संकर झाला, हे सांगता येईल काय? आम्हांस तरी ते सांगता येत नाही.

आता बाजाराच्या वहीकडे वळू. ऑगस्ट १९२० मध्ये ओके कंपनीने मॅमी स्मिथ ह्या कृष्णवर्णीय गायिकेची ब्लूज गीताची तबकडी काढली व तिचा अनपेक्षित खप झाला. कृष्णवर्णीय गिऱ्हाईक तबकड्या विकत घेते हे ध्यानी येताच कंपन्यांनी त्यांच्यासाठी 'रेस' ह्या नावाची स्वतंत्र मालिका सुरू केली. जून १९२३ मध्ये त्याच कंपनीच्या राल्फ पीअरने अटलांटा येथे जॉन कार्सन ह्या वयस्क फिडलवादकाचे गाणे मुद्रित केले. पीअरला ते गाणे मुळीच आवडले नव्हते. तथापि खप पाहून त्यास आपले मत गुंडाळून ठेवावे लागले. गोऱ्या ग्रामीण गिऱ्हाइकासाठी मग दुसरी मालिका निघाली, आणि १९२५ पासून तीस 'हिलबिली' हे नाव चिकटले. हिलबिली म्हणजे डोंगरातला गावंढळ, शब्द हेटाळणीचाच.

एकाच माणसाने, एकाच कार्यालयात, ह्या दोन वह्या उघडल्या. गाणारे मात्र त्यांनुसार विभागलेले नव्हते. एकच चाल, एकच कथागीत, एकच बँजो दोन्हीकडे वाजत होता, आणि बँजो हे वाद्य तर आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांनी अमेरिकेत घडविलेले. १९२७ मध्ये नॅशव्हिलच्या नभोवाणीवरील साप्ताहिक कार्यक्रमास 'ग्रँड ओल ऑप्री' हे नाव मिळाले, तेव्हा निवेदकाने ते उच्चारण्याच्या आधी नुकताच ज्याचा तोंडबाजा वाजला होता तो डीफर्ड बेली कृष्णवर्णीय होता. त्यास १९४१ मध्ये कामावरून दूर करण्यात आले. ह्या संगीताच्या सर्वांत मानाच्या रंगमंचाच्या नामकरणप्रसंगी उपस्थित असलेला माणूस पुढे त्या संगीताच्या इतिहासातून कित्येक दशके गळालेला होता, ही साधी बाब नव्हे.

हिलबिली मालिकेचे पहिले प्रचंड यश तरी खेड्यातील अस्सल गायकाचे असेल, अशी वाचकाची अपेक्षा असल्यास तीही फोल ठरते. १९२४ मध्ये रेल्वे-अपघाताचे एक कथागीत व एका कैद्याचे गीत अशी जोड-तबकडी व्हर्नन डालहार्टने गायिली आणि तिचा खप दहा लाखांच्या पुढे गेला. हा गृहस्थ न्यूयॉर्कमध्ये संगीतिका गाणारा, रीतसर तालीम घेतलेला गायक होता. जन्माने टेक्सासचा, खरे नाव मॅरियन ट्राय स्लॉटर. 'व्हर्नन' आणि 'डालहार्ट' ही टेक्सासमधील दोन गावांची नावे जोडून त्याने आपले रंगभूमीवरचे नाव सिद्ध केले होते. म्हणजे ग्रामीण गाण्याची बाजारपेठ उघडली ती शहरी कंठाने, नकाशावरून उचललेल्या नावाने.

१९२७ च्या उन्हाळ्यात टेनेसी व व्हर्जिनिया यांच्या सीमेवरील ब्रिस्टल गावी पीअरने जी ध्वनिमुद्रणे केली त्यांत कार्टर कुटुंब व जिमी रॉजर्स यांचा समावेश होता, म्हणून त्या प्रसंगास कंट्री संगीताचा जन्म मानण्याची प्रथा आहे. त्यांपैकी रॉजर्सचे उदाहरण आमच्या प्रतिपादनास विशेष उपयुक्त आहे. तो मिसिसिपीचा, रेल्वेतील नोकर, क्षयाने ग्रासलेला. 'ब्लू योडल' ह्या नावाने त्याने गीतांची जी माला गायिली तिचा सांगाडा कृष्णवर्णीय ब्लूजचा होता. कडव्यांच्या अखेरीस तो जे योडलिंग करी, म्हणजे आवाज एकदम फोडून वरच्या सप्तकात फेकी, त्याचे मूळ आल्प्स पर्वतात असून अमेरिकेच्या करमणुकीच्या रंगभूमीवर ते पूर्वीच रुळलेले होते. साथीस अनेकदा हवाई बेटांतून आलेली स्टील गिटार असे. जुलै १९३० मध्ये लॉस एंजेलिस येथे त्याने ह्या मालेतील नववे गीत मुद्रित केले तेव्हा ट्रम्पेटवर लुई आर्मस्ट्राँग व पियानोवर लिल हार्डिन आर्मस्ट्राँग होते. कंट्री संगीताचा जनक मानला गेलेला गायक आणि जॅझचा सर्वश्रेष्ठ वादक एका खोलीत बसून एक गीत वाजवितात, यात दोघांसही काही विशेष वाटलेले दिसत नाही. विशेष वाटते ते वहीवर वाढलेल्या आपल्या पिढ्यांस. (रॉजर्सचे योडलिंग पुढे किती दूर गेले हे सांगावयाचे तर, किशोरकुमार यांनी ते आपल्या बंधूंच्या संग्रहातील रॉजर्स व टेक्स मॉर्टन यांच्या तबकड्या ऐकून आत्मसात केले, असे त्यांच्याविषयीच्या लेखनात सांगितले जाते. मुंबईच्या चित्रपटगीतात ते आले ते टोपीवाचून आले.)

रॉजर्स १९२९ मध्ये टेक्सासमधील कर्व्हिल येथे राहावयास गेला. त्याची छायाचित्रे दोन प्रकारची आहेत : एका प्रकारात तो रेल्वे-कामगाराच्या वेषात आहे, दुसऱ्यात काउबॉयच्या. १९३३ च्या मे महिन्यात तो वारला. त्याच्या मागून आलेल्या गायकांनी ह्या दोन वेषांतून एकच निवडला.

ही निवड का झाली? येथे आम्ही थोडे थांबतो, कारण ह्या इतिहासाचा कणा येथे आहे. हिलबिली गायकाचा रंगमंचावरील वेष म्हणजे ठिगळांची विजार, अनवाणी पाय, हाती दारूचा बुधला. नभोवाणीचे व्यवस्थापक गायकांस हा वेष मुद्दाम घालावयास लावीत, आणि शहरी प्रेक्षक हसे. काउबॉयची गोष्ट निराळी. ओवेन विस्टरच्या 'द व्हर्जिनियन' ह्या १९०२ मधील कादंबरीने व त्यानंतरच्या मूकपटांनी त्यास निष्कलंक, स्वाभिमानी, कोणाचाही चाकर नसलेला वीर करून ठेवलेले होते. १९२९ च्या मंदीत ज्याची नोकरी गेली त्या माणसास घोड्यावर बसलेल्या स्वतंत्र पुरुषाचे गाणे हवेसे वाटावे, यात नवल नाही. ह्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, दक्षिणेच्या शेतकऱ्याच्या पाठीशी गुलामगिरीची व हरलेल्या युद्धाची स्मृती होती. पश्चिमेच्या काउबॉयच्या पाठीशी केवळ क्षितिज होते. टोपी घातली की गायक दक्षिणेचा न राहता सर्व राष्ट्राचा होई. मात्र राष्ट्राने जो काउबॉय पडद्यावर पाहिला होता तो गोरा होता. खऱ्या कुरणातील मेक्सिकन व कृष्णवर्णीय मजूर त्या चित्रात नव्हते. हेटाळणीतून सुटण्याचा जो मार्ग गोऱ्या गरिबास सापडला, त्याच मार्गावर दुसऱ्या गरिबाची पाऊलखूण पुसली गेली.

ह्या मार्गावरचा सर्वांत यशस्वी प्रवासी जीन ऑट्री. टेक्सासमध्ये १९०७ साली जन्मलेला ऑट्री ओक्लाहोमात रेल्वेचा तारमास्तर होता. प्रारंभीच्या तबकड्यांत तो रॉजर्सची इतकी हुबेहूब नक्कल करी की दोघांत फरक करणे कठीण जावे. १९३१ मध्ये पित्याविषयीच्या एका भावगीताने त्याचे नाव झाले, शिकागोच्या डब्ल्यू. एल. एस. केंद्रावर त्यास काउबॉय म्हणून पुढे आणण्यात आले. १९३४ मध्ये तो बोलपटात शिरला व पुढच्याच वर्षी नायक झाला. त्यानंतरचे यंत्र सुबक होते : बोलपट गाण्याची जाहिरात करी, गाणे तबकडीची, तबकडी नभोवाणीवरील कार्यक्रमाची, आणि तो कार्यक्रम च्युइंग गम विके. गाण्याची बांधणीही बदलली. नाकातून काढलेला डोंगरी सूर जाऊन मृदू, ध्वनिक्षेपकास जवळ घेऊन गाण्याची शहरी तऱ्हा आली. फिडल मागे सरले, व्हायोलिनांचा ताफा पुढे आला.

ही गाणी लिहिणारे कोण होते? १९३३ मध्ये गुरांच्या अखेरच्या मोजदादीवरचे जे गीत न्यूयॉर्कच्या रंगभूमीवरून देशभर झाले त्याचा कर्ता बिली हिल बोस्टनचा होता. तरुणपणी त्याने पश्चिमेत काही काळ गुरे राखली होती हे खरे, परंतु त्याचा पेशा न्यूयॉर्कच्या गीतबाजारातला. 'सन्स ऑफ द पायोनिअर्स' ह्या मंडळीसाठी वाळवंटाची अविस्मरणीय गीते रचणारा बॉब नोलन जन्माने कॅनडाचा. त्याच मंडळीतील लेनर्ड स्लाय, पुढचा रॉय रॉजर्स, ओहायोतील सिनसिनाटी शहराचा. १९३५ मध्ये काउबॉयची प्रेयसी होण्याची इच्छा गाऊन दाखविणाऱ्या पॅट्सी मोंटानाचा जन्म आर्कान्सॉमध्ये झाला होता. ह्यांचे झगमगीत पोशाख शिवणारे नेथन टर्क व नूडी कोन हे पूर्व युरोपातून आलेले यहुदी शिंपी. त्यांतील नूडीचा जन्म कीव्हचा. हे सांगण्यात उपहास नाही. नोलनची गीते उत्तम आहेत, आणि टर्कचे भरतकाम पाहण्यासारखे आहे. सांगावयाचे एवढेच की, 'अस्सल पश्चिम' नावाची जी वस्तू श्रोत्यांपुढे आली ती अनेक हातांनी, बहुतेक पश्चिमेबाहेरच्या, मनापासून घडविलेली होती.

समकालीनांस हे ठाऊक होते. जॉनी मर्सरने १९३६ मध्ये बिंग क्रॉस्बीच्या बोलपटासाठी गायीचे तोंडही न पाहिलेल्या काउबॉयवर एक विनोदी गीत लिहिले. इतिहासकारांनी पुढे पुष्कळ पाने खर्चून जे सांगितले ते त्याने तीन मिनिटांत सांगितले आहे. ह्याहून बोलका पुरावा 'डोंट फेन्स मी इन' ह्या गीताचा. मोंटानातील रस्तेबांधणी खात्यात अभियंता असलेल्या रॉबर्ट फ्लेचरची कविता कोल पोर्टरने २५० डॉलरांस विकत घेऊन १९३४ मध्ये एका बोलपटासाठी हे गीत सिद्ध केले. तो बोलपट निघालाच नाही. दहा वर्षांनी, १९४४ मध्ये, रॉय रॉजर्सने ते पडद्यावर गायिले व क्रॉस्बी आणि अँड्र्यूज भगिनी यांची तबकडी देशात पहिली आली. ब्रॉडवेचा सर्वांत नागर गीतकार आणि घोड्यावरचा गायक येथे एका ओळीत उभे आहेत. हे गीत पॉप की काउबॉयचे, हा प्रश्न तेव्हा कोणी विचारला नाही.

मात्र पडद्यावरची रेषा तशीच राहिली. १९३७ मध्ये 'हार्लेम ऑन द प्रेअरी' व १९३९ मध्ये 'द ब्रॉन्झ बकरू' हे बोलपट निघाले. त्यांत हर्ब जेफ्रीज हा कृष्णवर्णीय गायक काउबॉय नायक होता. घोडा, टोपी, गाणे, खलनायक, सर्व ऑट्रीप्रमाणेच. हे बोलपट कृष्णवर्णीयांसाठी राखलेल्या चित्रगृहांतूनच प्रामुख्याने चालले. वस्तू तीच, वही निराळी.

टेक्सासमध्ये ह्याच काळात बॉब विल्सने चालविलेला प्रयोग संगीतदृष्ट्या अधिक धाडसी होता. कापसाच्या शेतांत कृष्णवर्णीय मजुरांचे गाणे ऐकत वाढलेल्या ह्या फिडलवादकाने आपल्या ताफ्यात सॅक्सोफोन, ट्रम्पेट, ड्रम व विद्युत् स्टील गिटार आणून जॅझच्या चालीवर लोकांस नाचविले. सगळा ताफा काउबॉयच्या पोशाखात. त्याचे 'सॅन अँटोनिओ रोझ' १९४० मध्ये शब्दांसह पुन्हा मुद्रित झाले, आणि क्रॉस्बीने ते उचलताच त्यास राष्ट्रीय खप मिळाला. डिसेंबर १९४४ मध्ये विल्स 'ऑप्री'च्या रंगमंचावर आला तेव्हा तेथील व्यवस्थापकांस ड्रम डोळ्यांसमोर नको होता, तो पडद्याआड ठेवावा असे त्यांचे म्हणणे होते, असे सांगितले जाते. ह्या ड्रमाकडे आपणांस पुन्हा यावे लागेल.

त्याच वर्षाच्या जानेवारीत 'बिलबोर्ड' ह्या व्यापारी साप्ताहिकाने नाणे टाकून वाजणाऱ्या पेट्यांवरील 'फोक' तबकड्यांची क्रमवारी छापण्यास आरंभ केला. आजची कंट्री गीतांची क्रमवारी आपली वंशावळ येथवर नेते. आता पुढील वस्तुस्थिती पाहावी : १९४४ ह्या एकाच वर्षात लुई जॉर्डन व नॅट किंग कोल ह्या दोन कृष्णवर्णीय गायकांच्या तबकड्या ह्या क्रमवारीत पहिल्या आल्या. पेटीत नाणे टाकणाऱ्या ग्रामीण श्रोत्यास त्या गाण्यांत परके काही वाटले नव्हते. जून १९४९ मध्ये त्याच साप्ताहिकाने नावे बदलली. 'रेस'चे 'ऱ्हिदम अँड ब्लूज' झाले. 'फोक'चे 'कंट्री अँड वेस्टर्न'. हिलबिली ह्या शब्दाचा डाग पुसण्यास 'वेस्टर्न' हा शब्द कामी आला, म्हणजे काउबॉयच्या टोपीने आपले काम शीर्षकातही बजावले. ह्या क्रमवारीत कृष्णवर्णीय गायक पुन्हा पहिला येण्यास १९६९ उजाडावे लागले. तो गायक चार्ली प्राइड. १९६६ मध्ये त्याच्या आरंभीच्या तबकड्या नभोवाणी केंद्रांकडे धाडताना कंपनीने सोबत छायाचित्र पाठविले नव्हते.

मधल्या काळातील देवघेव सर्वपरिचित असल्याने ती आम्ही थोडक्यात उरकतो. पॅटी पेजने १९५० मध्ये 'टेनेसी वॉल्ट्झ' व टोनी बेनेटने १९५१ मध्ये हँक विल्यम्सचे 'कोल्ड, कोल्ड हार्ट' पॉप क्रमवारीत शिखरावर नेले. विल्यम्सच्या वादकमंडळीचे नाव 'ड्रिफ्टिंग काउबॉइज'. गायक अलाबामाचा, आणि त्यास गिटार शिकविणारा रूफस पेन हा रस्त्यावर वाजविणारा कृष्णवर्णीय वादक. बिल हेलीने १९५२ मध्ये आपल्या 'सॅडलमेन' ह्या मंडळीचे नाव बदलून 'कॉमेट्स' केले व काउबॉय टोप्या उतरविल्या. रॉक अँड रोलचा एक प्रवाह त्या टोप्यांखालून निघालेला आहे. चक बेरीचे १९५५ मधील 'मेबलिन' हे विल्सने मुद्रित केलेल्या 'आयडा रेड' ह्या जुन्या चालीवर उभे आहे.

रॉक अँड रोलच्या धक्क्यानंतर नॅशव्हिलच्या निर्मात्यांनी जो तोडगा काढला त्यास 'नॅशव्हिल साउंड' म्हणतात. चेट ॲटकिन्स व ओवेन ब्रॅडली यांनी फिडल व स्टील गिटार मागे सारून तंतुवाद्यांचा ताफा व समूहगायन पुढे आणले. १९५७ च्या जानेवारीत पॅट्सी क्लाइन दूरचित्रवाणीवरील एका स्पर्धेत गावयास गेली तेव्हा आईने शिवलेला काउगर्लचा पोशाख न घालता शहरी झगा घालावा असे तिला सांगण्यात आले. वीस वर्षांपूर्वी ज्या वेषाने प्रतिष्ठा दिली होती, तोच आता प्रतिष्ठेच्या आड येऊ लागला होता. जिम रीव्हजचा संथ, खोल आवाज ह्याच पद्धतीचे फळ. १९६४ मधील विमान-अपघातात तो वारला, तथापि भारतातील इंग्रजी गाणी ऐकणाऱ्या घरांतून त्याच्या तबकड्या त्यानंतरही दीर्घकाळ वाजत राहिल्या. त्या ऐकणाऱ्यांपैकी कितीजणांस हे 'कंट्री' आहे हे ठाऊक असेल, याची शंका वाटते. गाण्याचे त्यावाचून काही अडलेले नव्हते.

१९६२ मधील एक घटना मात्र उरकून चालणार नाही. त्या वर्षी रे चार्ल्सने 'मॉडर्न साउंड्स इन कंट्री अँड वेस्टर्न म्युझिक' ही दीर्घ ध्वनिमुद्रिका काढली. डॉन गिब्सनचे 'आय कान्ट स्टॉप लव्हिंग यू' हे कंट्री गीत त्याच्या आवाजात पॉप क्रमवारीत पाच आठवडे पहिले राहिले, 'ऱ्हिदम अँड ब्लूज' क्रमवारीतही पहिले आले. कंट्री क्रमवारीत मात्र ते आलेच नाही. तंतुवाद्ये तीच, समूहगायन तेच; ही पद्धत नॅशव्हिलमध्ये जो वापरी त्यास कंट्री गायक म्हणत. फरक शोधू जाता तो तबकडीच्या खोबणीत सापडत नाही.

पुढील तीन दशकांत टोपी परत आली, पण आता ती स्वतःकडे पाहू लागली होती. ग्लेन कॅम्पबेलचे १९७५ मधील 'राइनस्टोन काउबॉय' हे खोट्या हिऱ्यांनी मढलेल्या काउबॉयचेच गीत, आणि ते दोन्ही क्रमवारींत पहिले आले. १९८० मध्ये 'अर्बन काउबॉय' हा चित्रपट निघाला. त्यातील काउबॉय ह्यूस्टनजवळच्या तेलशुद्धीकरण कारखान्यांत राबतात आणि संध्याकाळी यांत्रिक बैलावर बसतात. मे १९९१ मध्ये 'बिलबोर्ड'ने दुकानदारांच्या तोंडी अहवालांऐवजी विक्रीच्या यांत्रिक नोंदींवरून मोजणी सुरू केली, आणि सप्टेंबरात टोपीवाल्या गार्थ ब्रुक्सची ध्वनिमुद्रिका निघाल्याबरोबर सर्वसाधारण यादीत पहिली आली. कंट्रीची लोकप्रियता एकाएकी वाढली असे तेव्हा लिहिले गेले. मोजमाप बदलले ह्या कारणाकडे अनेकांचे दुर्लक्ष झाले. ऑक्टोबर २०१२ मध्ये सर्व प्रकारच्या केंद्रांवरील प्रक्षेपण व डिजिटल विक्री कंट्री क्रमवारीत धरली जाऊ लागताच टेलर स्विफ्टचे एक पॉप धाटणीचे गीत उडी मारून पहिले आले. इतिहासाच्या विद्यार्थ्याने अशा आकड्यांचा उपयोग करताना आधी वही कोणी व कशी लिहिली हे विचारावे.

मार्च २०१९ मध्ये लिल नॅस एक्स ह्या तरुण कृष्णवर्णीय गायकाचे 'ओल्ड टाउन रोड' कंट्री क्रमवारीतून काढून टाकण्यात आले. आजच्या कंट्री संगीताचे पुरेसे घटक त्यात नाहीत, असे कारण देण्यात आले. गीतात घोडा आहे, टोपी आहे, बँजोचा सूर आहे. ठेका हिप-हॉपचा आहे, आणि तो एका डच निर्मात्याने रचलेला. बिली रे सायरस ह्या गोऱ्या कंट्री गायकाचा आवाज घालून ते पुन्हा निघाले व सर्वसाधारण क्रमवारीत १९ आठवडे पहिले राहिले. फेब्रुवारी २०२४ मध्ये बियॉन्सेच्या 'टेक्सास होल्ड एम' ह्या गीताने कंट्री क्रमवारीत पहिले स्थान मिळविले. हा मान मिळविणारी ती पहिली कृष्णवर्णीय स्त्री. तिच्या 'काउबॉय कार्टर' ह्या ध्वनिमुद्रिकेत लिंडा मार्टेलचा आवाज आहे. १९६९ मध्ये 'ऑप्री'च्या रंगमंचावर एकटीने गाणारी पहिली कृष्णवर्णीय गायिका ती हीच. फेब्रुवारी २०२५ मध्ये ह्या ध्वनिमुद्रिकेस ग्रॅमी पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट कंट्री ध्वनिमुद्रिकेचा व वर्षातील सर्वोत्कृष्ट ध्वनिमुद्रिकेचा असे दोन्ही मान मिळाले.

त्याच वर्षी जून महिन्यात ग्रॅमी देणाऱ्या संस्थेने कंट्री ध्वनिमुद्रिकेच्या पुरस्काराचे दोन भाग केल्याचे जाहीर केले : एक 'समकालीन', दुसरा 'पारंपरिक'. पारंपरिक भागाच्या व्याख्येत परंपरागत वाद्यांची जी यादी दिली आहे तीत बँजो आहे, स्टील गिटार आहे, आणि प्रत्यक्ष वाजविलेला ड्रमही आहे.